चिमटा नसलेल्या चार गाड्या

उत्तम गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. चष्म्याची काडी सैल झाली होती आणि दुकानदार मुंगीएवढा स्क्रू चिमटीत धरायच्या खटपटीत होता. शकुंतलावहिनींचं नाव दिसलं, फोन उचलला. "भाऊजी, हे पहाटं गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. चाळीस वर्षांचा मित्र गेल्याची बातमी ऐकून बरं म्हणणारा मीच पहिला असेन. नंतर रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की हा शब्द माझा नव्हेच, उत्तमचा. काही मनाविरुद्ध घडलं, कुणी तोंडावर खोटं बोललं, कुणी शब्द फिरवला, की तो एवढंच म्हणायचा... बरं. दुकानदाराने चष्मा माझ्या हातात दिला होता, मी तो घातला होता, आणि बाहेरचं सगळं, माणसं, हातगाड्या, पाट्यांवरची अक्षरं, अगदी स्वच्छ दिसत होतं. त्याचाच मला राग येत होता.

चारच दिवसांपूर्वी मी त्याला भेटलो होतो. पुढच्या खोलीत, बुद्धाच्या छोट्या मूर्तीच्या फळीखाली त्याचा पलंग लावला होता. आजाराने माणूस पार वाळून गेला होता, पण बोटं तीच होती, लांब, टोकांना चपटी, नखांच्या कडेला कायमची काळी. मी काहीबाही बोलत होतो. उन्हाळा, पाण्याचे टँकर, जुन्या कंपनीतला कोण कुठे असतो. तो छताकडे बघत ऐकत होता. मग मान वळवून म्हणाला, "वसंता, गाडी कशी हाय?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

"चालू करतूस ना?"

"अधूनमधून करतो."

"बरं," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. हा स्मृतिलेख मी त्या "ठीक आहे" साठी लिहितो आहे. वाचकांना त्यात माझंच रडगाणं जास्त वाटलं तर त्यांनी सांभाळून घ्यावं.

उत्तम खरात आणि मी एकाच वर्षी वाळूजच्या एका कंपनीत लागलो. तेव्हा शहराचं नाव वेगळं होतं आणि वाळूजचा रस्ता इतका मोकळा होता की सायकलवाला मधोमध गाणं म्हणत जायचा. मी ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचो आणि तो टूलरूममध्ये, पुढे तपासणीच्या टेबलावर. त्याचं तिथलं नाव होतं मायक्रॉन. चिडवायला ठेवलेलं नाव होतं, पण तो ते पदवीसारखं मिरवायचा. एकदा मालाची एक खेप निघायची होती, बाहेर ट्रक उभा होता, आणि एका भागाचं माप केसभर चुकलं होतं. केसभरही नाही, केसाच्या चौथाईभर. साहेब त्याच्या डोक्यावर येऊन उभे राहिले. म्हणाले, खरात, लिहून टाका बरोबर आहे म्हणून, कोण बघतंय. उत्तमने पेन टेबलावर ठेवलं आणि रजिस्टर साहेबांकडे सरकवलं. "साहेब, तुमी लिवा. तुमच्या अक्षरात." साहेबांनी लिहिलं नाही. ट्रक रिकामा परत गेला आणि उत्तमला त्या वर्षी बढती मिळाली नाही. नोकरीच्या तीस वर्षांत त्याच्या अक्षरात एक खोटा आकडा सापडला नसता. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो आहे.

त्याला गाडीचं वेड कसं लागलं, तर एका रद्दीच्या दुकानात त्याला परदेशी मासिकाचं फाटकं पान मिळालं. पानावर एक मोटारसायकल होती आणि तिला पुढचा चिमटा नव्हता. आपल्या सगळ्या गाड्यांना, सायकलीलासुद्धा, पुढचं चाक धरायला वरून दोन पाय उतरलेले असतात, त्याला आपण चिमटा म्हणतो. या गाडीत इंजिनाजवळून दोन आडवे दांडे पुढे आले होते आणि त्यांनी चाकाला मध्यातून, दोन्ही बाजूंनी धरलं होतं. वळायची सगळी करामत चाकाच्या पोटात, हबमध्ये. तिथे एक खुंटी, चाक तिच्याभोवती डावी-उजवीकडे फिरणार, आणि हँडलपासून चाकापर्यंत दोन सळ्या. उत्तमने ते पान माझ्या ड्रॉइंग बोर्डावर पसरलं आणि म्हणाला, "बघ. आपल्या गाडीला ब्रेक मारला की ती नाक खाली घालते. का? तर ओझं बी चिमट्यानंच उचलायचं आन वळायचं बी त्यानंच. एकाच गड्याच्या डोक्यावर दोन कामं. हितं दोगांना वाटून दिलीत." मी म्हणालो, अरे पण हे आपल्याला कुठून जमणार. तो म्हणाला, "तू काढ. करायचं मी बघतो."

दोन वर्षं आम्ही रविवार घालवले. त्याच्या घरामागे पत्र्याची शेड होती, आहे. जुन्या मोडक्या गाड्यांची इंजिनं आणि सांगाडे आणून त्याने चार गाड्या बांधल्या. चारच का, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, हब चार झाले म्हणून. नकाशे मी काढले. एकूण तेवीस होते. त्यातल्या एका नकाशाची गोष्ट सांगायला हवी. दांडे आणि हब यांच्या मधे कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या बसतात, त्यांना शिम म्हणतात. शिम जाड झाली तर चाक अडतं, पातळ झाली तर चाक हलतं. मी नकाशावर तिथे माप लिहायला गेलो तर उत्तमने माझा हात धरला. "तिथं आकडा लिवू नको. परत्येक गाडीचं येगळं यिल. ते हाताला कळंल तवा कळंल." एरवी जगातला कुठलाही आकडा त्याने असा मोकळा सोडला नसता. मी त्या जागी लिहिलं: "बसवताना हाताने जुळवणे. उ. ख." त्याला ते फार आवडलं होतं. नकाशावर त्याची सही असल्यासारखं वाटायचं म्हणाला.

चार हबवर त्याने चार आकडे ठोकले. एक नंबर त्याने स्वतःला ठेवली. दोन नंबर वैजापूरच्या एका फोटोग्राफरने नेली, तीन नंबर कन्नडच्या गुरांच्या डॉक्टरांनी. चार नंबर माझी. किल्ली देताना त्याने फक्त दोन गोष्टी बजावल्या. ही गाडी चिमट्यासारखी वळत नाही, तिला जागा लागते, घाई करू नको. आणि सळीच्या सांध्यावरचा नट दर महिन्याला बघ.

पहिली गोष्ट मी क्रांती चौकात शिकलो. मागे वळायला गेलो, चाक ठराविक कोनापलीकडे वळेना, आणि अर्धा चौक अडवून दोन पायांनी गाडी मागेपुढे ढकलत राहिलो. एक रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "चच्चा, रेलगाडी है क्या?" उत्तमला सांगितलं तर तो शेडमध्ये खाली बसून हसला. दुसरी गोष्ट मी शिकलो नाही. दोन महिने पाहिला नट, मग चार महिन्यांनी, मग राहूनच गेलं. आणि एका संध्याकाळी मागे बायको, पुढे टाकीवर तीन वर्षांची मुलगी, अशी आमची वरात घराकडे वळत असताना हँडल वळलं आणि चाक वळलं नाही. वेग काही नव्हता. तरी पडायचे ते पडलोच. मुलीच्या हनुवटीला तीन टाके पडले. मंगलने, माझ्या बायकोने, त्या गाडीकडे पुन्हा पाहिलं नाही. म्हणाली, ही गाडी जाईल नाहीतर मी तरी जाईन. मी रात्री वाकून पाहिलं. नट नव्हता. कुठे रस्त्यात गळून पडला होता, कधीचा, देव जाणे.

आता खरं म्हणजे काय करायचं होतं? उत्तमकडे जायचं, सांगायचं, नट पाहिला नाही, चूक माझी. तो दोन शिव्या देऊन अर्ध्या तासात दुसरा नट बसवून मोकळा झाला असता. पण मला तो धीर झाला नाही. मुलगी पडली हे सांगितलं तर त्याला वाटेल गाडी वाईट, आणि नट सांगितला तर कळेल की वसंता वाईट. मी तिसराच रस्ता काढला. फुलंब्रीला आमचं शेतातलं घर आहे. गाडी टेम्पोत घालून तिथे नेली आणि तिथल्या अन्वर मिस्त्रीकडून तिला साधा चिमटा बसवून घेतला. मिस्त्री भला माणूस. "ये क्या अजूबा बनाके रखे थे साब, अब चलाओ बेफिकर," म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं आपण गाडी दुरुस्त केली. दांडे मी माळ्यावर टाकले आणि हब तिथेच, त्याच्या दुकानात सोडून आलो. उत्तमला सांगितलं, मंगल घाबरते, गाडी फुलंब्रीला ठेवली आहे, जशीच्या तशी आहे. तो म्हणाला, बरं.

वर्षं गेली. आम्ही दोघं निवृत्त झालो आणि उत्तमला आपल्या गाड्यांची आठवण आली. आठवण म्हणजे काय, ध्यासच घेतला त्याने. एक जाड रजिस्टर केलं आणि चार पानांवर चार गाड्यांची नावं घातली. मग आम्ही शोधत निघालो, त्याच्या एक नंबरवर, मी मागे बसून. वैजापूरचा फोटोग्राफर केव्हाच वारला होता. त्याच्या पोराने गाडी भंगारात घातली होती, पण वळणाच्या दोन सळ्या घरात होत्या, त्यांना नातीचा झोका टांगला होता. उत्तमने वर पाहिलं, सळीवर बोट फिरवलं, झोक्यातल्या पोरीला एक झोका दिला आणि मागितल्या नाहीत. रजिस्टरमध्ये लिहिलं: "२. सळ्या वापरात आहेत." कन्नडच्या डॉक्टरांकडे मात्र नशीब उघडलं. गाडी गोठ्याच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली, अख्खी. सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. डॉक्टर म्हणाले घेऊन जा, पण पिल्लं निघाल्यावर. आम्ही पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. तीन नंबर टेम्पोतून शेडमध्ये उतरली त्या दिवशी उत्तम एखाद्या लग्नघरातल्या बापासारखा मिरवत होता. चाकासमोर बसला, दोन्ही हातांनी चाक धरून हलवलं. ही त्याची सवयच होती. रस्त्यावर उभी असलेली कुणाचीही गाडी दिसली की हा उकिडवा बसून तिचं पुढचं चाक हलवून बघायचा. खडखड लागली की मालकाला शोधून सांगायचा. कितीतरी लोकांनी त्याला चोर समजून हटकलं असेल.

"आता चार नंबर तर हायेच तुझ्याकडं," तो म्हणायचा. "तिची काळजी नाय." एका शब्दाने कधी म्हणाला नाही की चल, दाखव. विश्वास ठेवायचा म्हणजे तपासायचं नाही, असा त्याचा हिशेब असावा. ज्याने जन्मभर दुसरं काही केलं नाही, तपासण्याशिवाय.

मग तो रविवार आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की भंगारात गेलेल्या दोन नंबरचा हब फुलंब्रीकडच्या एखाद्या मिस्त्रीकडे असू शकेल. आम्ही त्या रस्त्यावरची गॅरेजं एकेक करून पाहत निघालो. पुढे अन्वरचं दुकान दिसायला लागलं. मी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "इथे नको थांबू. हा नुसता ट्रॅक्टरचा मिस्त्री आहे, मी ओळखतो." उत्तमने गाडी हळू केली. दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर मोटारसायकलचं चित्र होतं, चांगलं हातभर मोठं. "बरं," तो म्हणाला आणि आम्ही पुढे गेलो. पुढच्या टपरीवर त्याने मला भजी खाऊ घातली. त्यानंतर शोधायला जाऊ या असं तो फारसं म्हणाला नाही. मला वाटलं, वय झालं, दमला. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे उत्तमच्या स्मरणाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. बुद्धवंदना झाली, जुन्या कंपनीतले लोक दोन-दोन शब्द बोलले, मायक्रॉनच्या गोष्टी निघाल्या, साहेबांच्या रजिस्टरची निघाली. मलाही बोलायला सांगितलं. मी कन्नडच्या कोंबडीची गोष्ट सांगितली. माणसं पांगल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, थांबा जरा. तुमचं काही ठिवलंय." शेडमधल्या लोखंडी कपाटातून त्यांनी जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं एक जड बोचकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. हात खाली गेले इतकं जड. कापड सोडायच्या आधीच मला कळलं होतं. हब होता. तेलाने चकचकीत, कुठे गंजाचा ठिपका नाही. कडेला त्याने ठोकलेला आकडा, चार.

"कधी आणला हा?" मी विचारलं.

"झाली की नऊ वर्सं. तुमी दोघं फुलंब्रीला गेल्ता ना, दुसऱ्या दिवशी परत एकलेच गेले. त्या मिस्त्रीनं दुकानात टांगून ठिवला व्हता म्हणे, गिऱ्हाइकांला दाखवायला." वहिनी पदराने कपाटाची फळी पुसत होत्या. "आतल्या बेरिंगा नव्या घातल्या. दर सा महिन्याला काढायचे, तेल द्यायचे, परत बांधून ठिवायचे. मी म्हणायची, आवो, भाऊजींचं हाय तर देऊन टाका की. तर म्हणायचे, त्याला सांगू दे. त्यानं सांगितलं की बसवू."

मी खाली, त्याच्या बुटक्या स्टुलावर बसलो. बनियनच्या घडीत आणखी एक पुडी होती. त्यात शिम होत्या, अकरा, सगळ्यात जाडपासून सगळ्यात पातळपर्यंत, त्याने स्वतः घासून केलेल्या. कुठली बसणार ते गाडी समोर असल्याशिवाय ठरत नाही, म्हणून त्याने सगळ्याच करून ठेवल्या होत्या. आणि एक नवा नट. वहिनींनी रजिस्टर आणून दिलं. मी चौथं पान उघडलं. त्याचं ते सरळ, छापल्यासारखं अक्षर. "४. मालकाकडे. फुलंब्री. जशीच्या तशी. ठीक." खाली तारीख, हब आणल्याच्या आठवड्यातली. साहेबांच्या पुढ्यात ट्रक उभा असताना ज्याने पेन खाली ठेवलं, त्याने माझ्यासाठी हे लिहिलं. आणि मग नऊ वर्षं, दर सहा महिन्यांनी तेल देत, मी तोंड उघडायची वाट बघितली. शेवटच्या भेटीत "गाडी कशी हाय" असं विचारलं तेव्हाही तो मला दार उघडून देत होता. आणि मी म्हणालो... ते वर लिहिलंच आहे.

मला त्याच्यावर राग आला, हेही लिहितो. बोलला का नाही? दोन कानाखाली का नाही दिल्या? पण हा राग किती वेळ टिकणार.

परवा मी चार नंबर टेम्पोत घालून शहरात आणली, माळ्यावरचे दांडेही आणले. मंगल स्वतः टेम्पोत पुढे बसून आली. तिला मी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, इतकी वर्षं मलाच वाईट म्हणत असतील की ते, गाडी ठेवू दिली नाही म्हणून. ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता शेडमध्ये एक, तीन आणि चार ओळीने उभ्या आहेत. चिमटा मी काढला. दांडे लावले, हब चढवला. माझाच नकाशा, माझंच अक्षर, समोर भिंतीला लावून काम करत होतो. सगळी मापं जुळली. मग ती जागा आली. "बसवताना हाताने जुळवणे. उ. ख." मी पहिली शिम घातली, चाक जागचं हलेना. पाचवी घातली, तेव्हा फिरलं, पण कसंनुसं. सातवी घातली. त्याच्यासारखा उकिडवा बसलो, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि हलवलं. खडखड लागली. बारीकशी, पण मलासुद्धा कळण्याइतकी. सहावीतही लागते की नाही ते मला सांगता येईना. कधी वाटायचं लागते, कधी वाटायचं माझाच हात थरथरतोय.

"उत्तम," मी मोठ्याने म्हणालो, "गाडी ठीक नाही रे. नट मी पाहिला नव्हता."

मागे चाहूल लागली. वहिनी चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या, कधीच्या ते माहीत नाही. त्यांनी कप ऐरणीवर ठेवला, पुडीतल्या उरलेल्या शिम नीट ओळीने लावल्या आणि म्हणाल्या, "हात स्थिर नसला की ते काम तसंच सोडून द्यायचे. उद्या या." मी रोज दहा वाजता जातो. अजून सहावीच घालून बघतो आहे.